वेस्टगेटला सोलेनॉइड जोडताना आधी बिघाडाचा विचार करा

टर्बोच्या इंजिनावर बाहेरचा वेस्टगेट लावायचं ठरलं की सगळी चर्चा टर्बोचा आकार, मॅनिफोल्डचं वेल्डिंग आणि वेस्टगेटचा व्यास यांभोवती फिरते. बूस्टचा सोलेनॉइड आणि त्याच्या दोन-तीन बारीक नळ्या हे सगळ्यात शेवटी उरकायचं किरकोळ काम समजलं जातं. खरं तर लाखभर रुपयांची मेहनत वाचणार की पिस्टन वितळणार, हे पुष्कळदा या नळ्यांवरच ठरतं. हवेची ही जोडणी करायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि सगळं ठाकठीक असेपर्यंत त्या साऱ्याच नीट चालतात. फरक दिसतो तो काहीतरी बिघडल्यावर. म्हणून पद्धत निवडताना जास्तीत जास्त बूस्ट कशात मिळेल हे नंतर पाहावं. वायर तुटली, नळी निसटली किंवा सोलेनॉइड अडकला तर बूस्ट कुठपर्यंत चढेल, हे आधी विचारावं. पुढचा प्रत्येक सल्ला याच कसोटीवर घासून दिलेला आहे.

आधी वेस्टगेटची रचना स्पष्ट करून घेऊ. एक्झॉस्टचा काही वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारा हा व्हॉल्व्ह. तो जितका उघडेल तितकी टर्बाइनची ताकद कमी होते आणि बूस्ट आवरला जातो. बाहेरच्या वेस्टगेटमध्ये व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबरी डायफ्रॅम असतो आणि डायफ्रॅमच्या डोक्यावर स्प्रिंग बसलेली असते. खालच्या कप्प्याचं पोर्ट आणि वरच्या कप्प्याचं पोर्ट अशी हवेची दोन तोंडं असतात. खालच्या पोर्टमधली हवा डायफ्रॅमला वर ढकलते, म्हणजे व्हॉल्व्ह उघडू पाहते. वरच्या पोर्टमधली हवा स्प्रिंगच्या बाजूने ढकलते, म्हणजे व्हॉल्व्ह बंद ठेवू पाहते. शिवाय खालून एक्झॉस्टचा दाब व्हॉल्व्हच्या तोंडावर थेट असतो आणि तोही उघडण्याच्याच दिशेने. हा तिसरा घटक विसरला की पुढचे सगळे आडाखे चुकतात. काही वेस्टगेटवर थंड पाण्यासाठीही पोर्ट दिलेली असतात. कंपनीच्या आकृतीत ती ओळखून वेगळी काढल्याशिवाय एकही नळी लावू नये.

सोलेनॉइड हा विजेवर चालणारा हवेचा नळ. बूस्टसाठी सर्वाधिक वापरला जातो तो तीन तोंडांचा. वीज नसताना त्याची दोन तोंडं एकमेकांना जोडलेली असतात आणि तिसरं बंद असतं. वीज दिली की आतला खिळा सरकतो आणि सामाईक तोंड त्या तिसऱ्या तोंडाला जोडलं जातं. ईसीयू ही वीज सेकंदाला साधारण वीस ते चाळीस वेळा चालू-बंद करतो. प्रत्येक फेरीत किती टक्के वेळ वीज चालू आहे, त्याला ड्युटी सायकल म्हणतात. ड्युटी वाढली की वेस्टगेट जास्त वेळ बंद राहतो आणि बूस्ट चढतो. अंगावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, पण त्यांचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो आणि एका विक्रेत्याची आकृती दुसऱ्याच्या सोलेनॉइडला लागू पडेलच असं नाही. म्हणून सोलेनॉइड हातात घेऊन, वीज न देता, छोटी नळी लावून एकेका तोंडात फुंकून पाहा. कुठून हवा आत जाते आणि कुठून बाहेर येते ते कागदावर लिहा. मग बारा व्होल्ट देऊन तेच पुन्हा करा. दोन्ही वेळा ज्या तोंडाचा संबंध आला ते सामाईक. वीज नसताना त्याला जोडलेलं ते दुसरं आणि वीज असताना जोडलं जाणारं ते तिसरं. पाच मिनिटांची ही तपासणी कोरलेल्या आकड्यांपेक्षा जास्त भरवशाची आहे.

जोडणीच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत बूस्टची हवा सोलेनॉइडमधून वेस्टगेटच्या खालच्या पोर्टला जाते आणि वरचं पोर्ट मोकळं असतं. वीज नसताना खालच्या पोर्टला पूर्ण दाब मिळतो, वीज दिली की तो दाब बाहेर सोडला जातो. दुसरीत बूस्टची एक नळी थेट, मध्ये काहीही न येता, खालच्या पोर्टला जाते. सोलेनॉइड फक्त वरच्या पोर्टवर बसतो. त्याचं सामाईक तोंड वरच्या पोर्टला, वीज नसताना उघडं राहणारं तोंड बाहेरच्या हवेला आणि तिसरं तोंड बूस्टच्या उगमाला. तिसरी पद्धत चार तोंडांच्या सोलेनॉइडची. यात वीज नसताना बूस्ट खालच्या पोर्टला आणि वरचं बाहेरच्या हवेला जोडलेलं असतं. वीज दिली की उलट होतं, म्हणजे बूस्ट वरच्या पोर्टला आणि खालचं बाहेरच्या हवेला. तिन्ही नीट जोडल्या तर वीज गेल्यावर इंजिन स्प्रिंगच्या बूस्टवर येतं. यापुढे मात्र त्यांच्यात मोठा फरक पडतो, आणि तो हिशेब मांडल्यावरच दिसतो.

उदाहरणादाखल ४४ मिलिमीटरचा वेस्टगेट घेऊ. व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सुमारे १५.२ चौरस सेंटिमीटर. डायफ्रॅमचा कामाचा व्यास ७० मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर. स्प्रिंग ०.७ बारची, म्हणजे डायफ्रॅमवर ०.७ बार दाब आला की उचलली जाणारी. तिचा जोर सुमारे २७० न्यूटन. मॅनिफोल्डमधला एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दीडपट आहे असं धरू. आता वीज नसताना खालून डायफ्रॅमवरचा बूस्ट आणि व्हॉल्व्हवरचा एक्झॉस्ट असे दोघे मिळून स्प्रिंगशी झुंजतात, त्यामुळे व्हॉल्व्ह ०.७ बारच्या बराच आधी, सुमारे ०.४४ बारलाच उचलायला लागतो. पूर्ण उघडायला स्प्रिंग आणखी दाबावी लागत असल्याने बूस्ट त्याहून वर जाऊन स्थिरावतो. तरीही स्प्रिंगवर छापलेला आकडा आणि गेजवरचा आकडा एकच का नसतो, याचं उत्तर इथे मिळतं. प्रत्येक वेस्टगेटची आणि टर्बोची मापं वेगळी, म्हणून हे आकडे जसेच्या तसे तुमच्या इंजिनाला लावू नका. लक्षात ठेवायचं ते त्यांचं आपसातलं प्रमाण.

आता सोलेनॉइड वीज चालू असलेल्या स्थितीत अडकला असं समजा. पहिल्या पद्धतीत खालचा दाब बाहेर गेला, वर मोकळी हवा, म्हणजे डायफ्रॅमवर दोन्ही बाजूंनी सारखंच. दुसऱ्या पद्धतीत खाली बूस्ट आणि वरही बूस्ट, म्हणजे इथेही सारखंच. दोन्हींत स्प्रिंगशी लढायला एकटा एक्झॉस्ट उरतो. आपल्या उदाहरणात तो सुमारे १.१८ बार बूस्टला व्हॉल्व्ह उचलतो. हे धोक्याचं आहे, पण त्याला काहीतरी मर्यादा आहे. तिसऱ्या पद्धतीत वर पूर्ण बूस्ट आणि खाली काहीच नाही. बूस्ट जितका चढेल तितका डायफ्रॅम व्हॉल्व्हला घट्ट बंद करतो आणि एक्झॉस्टचा जोर त्याला गाठूच शकत नाही, कारण डायफ्रॅमचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या अडीचपट आहे. या उदाहरणात वेस्टगेट कोणत्याही बूस्टला उघडत नाही. टर्बोची ताकद संपेपर्यंत किंवा इंजिनातलं काही तुटेपर्यंत बूस्ट चढत राहतो.

पहिल्या आणि दुसऱ्या पद्धतीचा हिशेब सारखा आला, मग निवड कशी करायची? नळ्यांकडे पाहून. वेस्टगेटची जीव वाचवणारी नळी एकच, खालच्या पोर्टची. ती निसटली, फाटली किंवा मुरगळली की व्हॉल्व्ह उघडणारा मुख्य जोर नाहीसा होतो. पहिल्या पद्धतीत या नळीच्या वाटेत सोलेनॉइडची दोन तोंडं, दोन जास्तीचे जोड आणि आतला बारीक रस्ता येतो. त्यातला एक जोड सैल झाला किंवा आत तेलाची काजळी अडकली तर खालचा दाब हरवतो. दुसऱ्या पद्धतीत खालची नळी उगमापासून पोर्टपर्यंत एकसंध राहते. सोलेनॉइडच्या बाजूचा जोड निसटला तर वरच्या कप्प्यातला दाब गळतो आणि बूस्ट खाली येतो, म्हणजे बिघाड सुरक्षित दिशेने होतो. फक्त दोन गोष्टींवर नजर हवी. बाहेरच्या हवेच्या तोंडावरचा छोटा फिल्टर कचऱ्याने बुजला तर वरचा दाब अडकून बसतो, म्हणून तो सर्व्हिसिंगला साफ व्हायलाच हवा. आणि खालची नळी निसटलेली असताना सोलेनॉइडला वीज मिळत राहिली तर वरचा दाब कशानेही न अडता व्हॉल्व्ह बंद ठेवतो. यावरचा उपाय ईसीयूच्या सेटिंगमध्ये आहे, तो पुढे येईल. तेवढं सांभाळलं तर रस्त्यावरच्या आणि हौशी ट्रॅकवरच्या बहुतेक गाड्यांसाठी वरच्या पोर्टवर तीन तोंडांचा सोलेनॉइड हीच माझ्या मते योग्य जोडणी.

यावर चार तोंडांच्या बाजूने पहिला आक्षेप येतो की त्याने टर्बो लवकर भरतो आणि कमी स्प्रिंगवरही मोठा बूस्ट धरता येतो. ही गोष्ट खरी आहे. स्प्रिंगच्या अडीच-तीनपटीहून जास्त बूस्ट हवा असेल, किंवा लहान टर्बाइनमुळे एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दुपटीकडे जात असेल, तर तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद धरायला कमी पडतो. तिथे चार तोंडं लागतात. पण ज्या गुणामुळे तो बलवान होतो, त्याच गुणामुळे तो नाजूकही होतो. ड्युटीच्या दोन-तीन टक्क्यांनी बूस्टमध्ये मोठी उडी पडते, म्हणून ट्यूनिंगची जागा अरुंद राहते. शिवाय टर्बो लवकर भरणं हे मुख्यतः टर्बाइनच्या आकारावर आणि वेस्टगेट वेळेआधी न उघडण्यावर अवलंबून असतं. आपल्या उदाहरणात तीन तोंडांनीही ०.४४ ते १.१८ एवढा पल्ला मिळतो. तुमचं लक्ष्य त्या पल्ल्यात बसत असेल, तर चार तोंडांनी पदरी पडणार फक्त जोखीम.

बिघडल्यावर कमी बूस्टवर परत यायचं, हे तत्त्व नवं नाही. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ मध्ये नॉकिंगचा सेन्सर, दाबाचा सेन्सर आणि सोलेनॉइड यांची सांगड घालून एपीसी ही यंत्रणा आणली. इंजिन नॉक करू लागलं की बूस्ट आपोआप कमी करायचा, हा तिचा हेतू. सोलेनॉइडचं काम बूस्ट वाढवू देणं एवढंच. त्याची वीज काढली की गाडी मूळच्या कमी बूस्टवर चालत राहायची. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या हाती टर्बो देताना कारखान्यातल्या अभियंत्यांना जी काळजी आवश्यक वाटली, ती गॅरेजमध्ये बसवलेल्या टर्बोला अनावश्यक ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजच्या ईसीयूमध्ये जादा बूस्टला इंधन किंवा स्पार्क तोडण्याची सोय असते, मग नळ्यांची एवढी चिंता कशाला? ही सोय असलीच पाहिजे, आणि पहिल्या चाचणीआधी ती लक्ष्यापेक्षा साधारण ०.२ बार वर लावलीच पाहिजे. त्याच क्षणी सोलेनॉइडची ड्युटी शून्य होईल असंही सेटिंग करा. खालची नळी निसटण्याच्या वर सांगितलेल्या प्रसंगात बूस्टला मर्यादा घालतं ते हेच. पण ईसीयूचं संरक्षण ज्या सेन्सरवर उभं आहे, त्याच सेन्सरवर त्याचं नियंत्रणही उभं आहे. मॅनिफोल्डच्या दाबाच्या सेन्सरची नळी निसटली तर ईसीयूला बूस्ट कमी दिसतो. तो ड्युटी वाढवतो आणि जादा बूस्ट त्याला कधी कळतच नाही. दुसरा प्रसंग वायरिंगचा. बहुतेक ईसीयू सोलेनॉइडची अर्थची बाजू चालू-बंद करतात. ती वायर कुठे पत्र्यावर घासून सोलली आणि बॉडीला टेकली की सोलेनॉइडला सतत वीज मिळते. ईसीयूने ड्युटी शून्य केली तरी काही फरक पडत नाही. अशा वेळी तीन तोंडांची जोडणी १.१८ बारवर थांबते आणि चार तोंडांची थांबत नाही. सॉफ्टवेअरचं कुंपण जरूर घाला, पण त्याच्या आत हवेच्या जोडणीचंही एक कुंपण असू द्या.

तिसरा प्रश्न स्प्रिंगचा. कडक स्प्रिंग टाकली की सोलेनॉइडवर भार कमी आणि टर्बो चटकन भरतो, म्हणून लक्ष्याच्या जवळपासची स्प्रिंग घालावी असं काही जण सुचवतात. पण स्प्रिंगच्या खाली बूस्ट नेण्याची ताकद कोणत्याही सोलेनॉइडमध्ये नाही. पावसात पकड कमी असताना, पहिल्या गिअरमध्ये, भेसळीचं पेट्रोल पडल्यावर किंवा इंजिन तापल्यावर बूस्ट उतरवायचा तर स्प्रिंग हाच तळ आहे. आणि वीज गेल्यावर गाडी जिथे येऊन थांबते तोही हाच तळ. म्हणून पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, उन्हाळ्याच्या दुपारी, इंजिन नॉक न करता जो बूस्ट सहन करील, तेवढीच स्प्रिंग ठेवावी. लक्ष्य तिच्या दुपटीच्या आसपास असेल तर तीन तोंडांचं नियंत्रण शांतपणे चालतं. आपल्याकडे १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळतं. त्यावर बेतलेला बूस्ट हा तळ असता कामा नये, तो सोलेनॉइडने वर चढवलेला मजला असावा.

बूस्टची हवा घ्यायची कुठून, यावरही मतभेद आहेत. इंजिनाला खरोखर मिळणारा दाब इंटेक मॅनिफोल्डमध्ये असतो, म्हणून तिथून घ्यावी असं म्हणणारे बरेच. पण थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना मॅनिफोल्डमध्ये दाब कमी किंवा चक्क निर्वात असतो, आणि टर्बो मात्र जोरात फिरत असतो. अशा वेळी वेस्टगेटला टर्बोची अवस्था समजत नाही, तो बंद राहतो आणि टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने पळतो. मॅनिफोल्डचा दाब ईसीयू आपल्या सेन्सरने पाहतोच आणि ड्युटी त्यानुसार सुधारतोच. म्हणून वेस्टगेटसाठी हवा कॉम्प्रेसरच्या तोंडावरच्या निपलमधून, किंवा निदान थ्रॉटलच्या आधीच्या पाइपातून घ्यावी. शक्य असेल तर खालच्या पोर्टला एक आणि सोलेनॉइडला दुसरा असे स्वतंत्र निपल वापरावेत. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, इंधनाच्या दाबाचा रेग्युलेटर किंवा गेज यांची नळी या नळीत टी घालून कधीही जोडू नये. दोन तोंडांच्या जुन्या सोलेनॉइडच्या जोडणीत नळीत बारीक छिद्राचा पितळी अडसर बसवलेला असतो. तीन तोंडांचा सोलेनॉइड लावताना तो शोधून काढून टाका, नाहीतर हवा वेळेवर पोहोचत नाही.

खालची नळी बसवण्याचं काम घाईने उरकू नये. वेस्टगेट लालभडक तापणाऱ्या मॅनिफोल्डला चिकटून असतो, त्यामुळे साधी रबरी व्हॅक्यूमची नळी तिथे काही दिवसांतच कडक होते आणि निपलच्या कडेला तडकते. वेस्टगेटजवळचा भाग स्टीलच्या जाळीचा आणि आत टेफ्लॉन असलेला घ्या, दोन्ही टोकांना धातूची थ्रेडची फिटिंग लावा आणि वरून उष्णतारोधक आवरण चढवा. पुढच्या थंड भागात चांगल्या प्रतीची जाड सिलिकॉन नळी चालते, पण निपलवर प्लॅस्टिकच्या पट्टीऐवजी योग्य मापाचा क्लॅम्प घाला. नळी ओढून पाहा, वळवून पाहा, आणि इंजिन हलल्यावर ती कशाला घासेल ते बघा. सोलेनॉइड फायरवॉलसारख्या थंड जागी रबरी बुशांवर बसवा. तोंडं खाली ठेवा, म्हणजे हवेबरोबर येणारं तेल आणि ओल आत साचणार नाही. नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवा, लांबी वाढली की वेस्टगेट उशिरा जागा होतो आणि बूस्ट उसळी घेतो. दोन वेस्टगेट असतील तर एका सोलेनॉइडपासून दोघांकडे जाणाऱ्या नळ्या समान लांबीच्या असू द्या. वेस्टगेट बसवताना एक्झॉस्ट आत येण्याचं तोंड कोणतं आणि बाहेर जाण्याचं कोणतं हेही तपासा. उलट बसवलेल्या वेस्टगेटला वरचा कोणताच हिशेब लागू होत नाही.

वायरिंग सोपं आहे, पण एका सेटिंगमध्ये सगळा खेळ उलटतो. सोलेनॉइडच्या एका वायरला इग्निशन चालू झाल्यावर मिळणारी बारा व्होल्टची वीज फ्यूजमधून द्या, दुसरी वायर ईसीयूच्या आउटपुटला. ईसीयूमध्ये कॉइलच्या उलट्या झटक्यापासून संरक्षण देणारा डायोड नसेल तर बाहेरून लावा आणि त्याची दिशा दोनदा तपासा. मग इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा आणि ड्युटी शून्य द्या. सोलेनॉइड निःशब्द असला पाहिजे आणि मीटरवर त्याच्या दोन वायरींमध्ये व्होल्टेज दिसता कामा नये. पन्नास टक्के दिल्यावर त्याची टकटक हाताला लागली पाहिजे. शून्यावरच व्होल्टेज दिसत असेल तर ईसीयूच्या सेटिंगमध्ये आउटपुट उलटं झालेलं आहे. पडद्यावर शून्य लिहिलेलं आणि सोलेनॉइडला पूर्ण वीज, ही स्थिती इंजिनासाठी सगळ्यात घातक.

पुढची पायरी हवेची चाचणी, तीही इंजिन सुरू करण्याआधी. रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने खालच्या पोर्टला हळूहळू दाब द्या. इथे एक्झॉस्टचा जोर नसल्याने छापलेल्या आकड्याच्या आसपास व्हॉल्व्ह उचलल्याचं जाणवतं. दाब तसाच धरून ठेवा. वरच्या पोर्टमधून हवा येत असेल तर डायफ्रॅम गळतो आहे. मग वरच्या पोर्टला दाब देऊन तेच पाहा. शेवटी सगळ्या नळ्या जोडून, वीज न देता, उगमाच्या निपलला दाब द्या. व्हॉल्व्ह उघडला तर जोडणी बरोबर. या एका कसोटीत उलट लागलेल्या नळ्या, चुकीचं तोंड आणि गळती तिन्ही पकडल्या जातात.

पहिली धाव सोलेनॉइडचा कनेक्टर काढून घ्या, आणि शक्यतो डायनोवर. स्प्रिंगवर बूस्ट कितीला स्थिरावतो हे नोंदवा. आरपीएम वाढेल तसा बूस्टही चढतच राहिला तर तिथेच थांबा. वेस्टगेट लहान आहे किंवा मॅनिफोल्डवर त्याची जागा अशी आहे की पुरेसा वायू त्याच्याकडे वळत नाही. हा दोष सोलेनॉइडने किंवा ट्यूनिंगने सुटत नाही, पाइपच कापून पुन्हा करावा लागतो. सगळं स्थिर असेल तर कनेक्टर लावा आणि ड्युटी दहा टक्के, मग पंधरा, मग वीस, अशी छोट्या पावलांनी वाढवत प्रत्येक वेळी बूस्ट, नॉकिंग आणि हवा-इंधनाचं प्रमाण यांचा तक्ता करा. ड्युटी आणि बूस्ट एका चालीने वाढत नाहीत, त्यामुळे मधला टप्पा गाळून उडी मारू नका. तक्ता तयार झाल्यावरच ईसीयूचं आपोआप सुधारणारं नियंत्रण सुरू करा, आणि त्याला ड्युटी किती वाढवता येईल यावर घट्ट मर्यादा घाला. सेन्सर खोटं बोलू लागला तर हीच मर्यादा कामी येते.

घाटात राहणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते, तर ईसीयूचं लक्ष्य बहुधा निरपेक्ष दाबात लिहिलेलं असतं. मुंबईत बाहेरचा दाब सुमारे १.०१ बार, महाबळेश्वरला सुमारे ०.८६. तेच निरपेक्ष लक्ष्य गाठायला वर टर्बोला सुमारे ०.१५ बार जास्त ढकलावं लागतं, म्हणजे त्याचा वेगही वाढतो आणि ड्युटीही. लक्ष्य उंचीनुसार खाली येईल असं सेटिंग ठेवणं शहाणपणाचं.

शेवटची गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. त्यामुळे असं इंजिन ट्रॅकवरच्या किंवा बंद धावपट्टीवरच्या गाडीसाठी बांधा. तिथेही शेजारच्या लेनमध्ये दुसरा माणूस असतो. काम सुरू करण्याआधी एक कोरा कागद घ्या. आपल्या जोडणीतली प्रत्येक नळी आणि प्रत्येक वायर त्यावर काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा: ही तुटली तर बूस्ट कुठे जाईल? ज्या ओळीसमोर ‘खाली’ असं लिहिता येत नाही, त्या ओळीचा बंदोबस्त आधी करा, आणि मगच इंजिनाला किल्ली लावा.